जुनी कार नीट करायची तर आधी कामांचा क्रम लावा

ओळखीतले लोक सारखे विचारतात, गाडी १४-१५ वर्षांची झाली, नवीन घ्यायला आठ-दहा लाख नाहीत, हीच नीट करून अजून पाच-सात वर्ष चालेल का. चालते की. माझ्याकडं २००९ ची पेट्रोल सँट्रो आहे, आप्पांच्या नावावर, सातारा पासिंग, रोज चालते. पण विचारणाऱ्यांतले निम्मे जण पैसे घालून, वैतागून शेवटी गाडी विकून मोकळे झालेत, आणि कारण बहुतेक वेळा एकच, कामं उलट्या क्रमानं केली. आधी सीट कव्हर, मग टचस्क्रीन, मग पॉलिश, आणि मग खंबाटकीत बॉनेटमधून वाफ आली की इंजिन. तोवर खिसा रिकामा.

म्हणून क्रम लिहितोय. पेट्रोल हॅचबॅक डोळ्यासमोर ठेवलीय, म्हणजे अल्टो, वॅगनआर, सँट्रो, जुनी स्विफ्ट असली. डिझेलचं इंजेक्टर-टर्बो प्रकरण वेगळं आहे, ते इथं नाही.

## आधी लागणारी तयारी

एक वही. हसू नका, सगळ्यात जास्त पैसे वहीच वाचवते. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचा पार्ट, किती रुपये. पहिल्या पानावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहून ठेवा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच पार्ट बदललेले असतात आणि "सँट्रोचं वॉटर पंप द्या" म्हटलं की दुकानदार त्याच्याकडं असेल ते देतो.

हत्यारं फार नकोत. चांगला टॉर्च, साधा मल्टिमीटर, हवेचा गेज, जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली डोकं घालायचं नाही, जॅक बसतो, त्याला तुमची ओळख नसते. घोड्या नसतील तर खालची सगळी तपासणी गॅरेजच्या रॅम्पवरच करा.

आणि एक पुठ्ठा. रात्री गाडीखाली अंथरा, सकाळी डाग बघा. काळा-तपकिरी चिकट म्हणजे ऑइल, हिरवा किंवा लाल गुळगुळीत म्हणजे कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट डाग दिसला तर ब्रेकचं तेल, आणि तसं असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. एसीखालचं नुसतं पाणी असेल तर ठीक आहे.

## टप्पा १: गाडीवर पैसे घालायचे का, हे ठरवा

बरेच जण इथं न थांबता सरळ गॅरेजला जातात. गाडी पूर्ण थंड असताना सकाळी बघा. हे काम मिस्त्रीकडं नेऊन होत नाही, कारण तिथं पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि थंड इंजिनातले आजार लपतात.

ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. मलईसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत थोडा थर नुसत्या ओलाव्यानंही येतो, म्हणून डिपस्टिकवरपण तसंच दिसतंय का ते पाहा. मग गाडी सुरू करून सायलेन्सरकडं बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर जो गाडी तापल्यावरही थांबत नाही आणि ज्याला गोडसर वास येतो, तो कूलंट जळण्याचा. डिसेंबरात महाबळेश्वरला सकाळी पांढरी वाफ सगळ्यांच्याच गाडीतून येते, ती सोडून द्या.

नंतर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दाब किती बनतो ते मोजणं, करून घ्या. सगळे प्लग काढायचे, पेट्रोलचा पुरवठा बंद, बॅटरी फुल चार्ज, अ‍ॅक्सलेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरात फरक किती हे महत्त्वाचं. १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन खोलायची घाई नको. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर वाल्व्हकडं बघा. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅसकेटवर (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालची सील) संशय.

शेवटी गंज. जिथं जॅक लावतो ती कड, पुढच्या शॉकअपचे वरचे माउंटिंग, मॅटखालचा फ्लोअर, मागच्या अ‍ॅक्सलच्या बसायच्या जागा. पेचकसानं टोचून बघा. वरवरचा गंज खरवडला की खाली पत्रा लागतो, खोल गंजात पेचकस आत जातो. रत्नागिरी-मालवणकडची, खारी हवा खाल्लेली गाडी असेल तर ही तपासणी दोनदा करा.

थांबा: सस्पेन्शन जिथं बसतं तिथला पत्रा गेलाय, किंवा गाडी पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालीय, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काढावे लागतायत, यातलं एक जरी असेल तर माझं मत सरळ आहे, त्या गाडीवर पैसे घालू नका, अधिकृत स्क्रॅप केंद्राकडं द्या. नुसतं इंजिन गेलं असेल तर मात्र हिशोब करून बघण्यासारखा असतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी बोअरिंगपासून हेडपर्यंतची मशीनकामं करणारे जुने हात अजून आहेत.

## टप्पा २: कागदं, पार्ट घ्यायच्या आधी

"१५ वर्ष झाली की गाडी भंगारात द्यावी लागते" हे इतक्यांदा ऐकलंय. तो विषय दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडं खाजगी गाडीचं आरसी १५ वर्षांचं असतं आणि पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. फी २०२२ च्या एप्रिलमध्ये कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली, २० वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त. मुदत उलटली की महिन्याला ५०० रुपये उशिराचे वाढत जातात, त्यामुळं "बघू दिवाळीनंतर" करू नका.

तपासा: जुन्या लोनचा बँकेचा बोजा आरसीवर तसाच नाही ना (लोन फिटून दहा वर्ष झाली तरी असतो), थकलेली ई-चलनं, २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट, आणि सीएनजी किट किंवा बदललेला रंग आरसीवर चढवलाय का. यातलं काही अडकलं तर ते आधी सोडवा. गाडीवर ६०-७० हजार घालून नंतर बोजा उतरवायच्या एनओसीसाठी बँकेच्या चकरा मारणारा एक जण माझ्याच गल्लीत आहे.

आरटीओची तपासणी टप्पा ४ आणि ८ झाल्यावर ठेवा, म्हणजे ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर यावरून परत पाठवत नाहीत.

## टप्पा ३: यादी आणि पार्ट

गॅरेजला "सगळं बघून घ्या" कधीच म्हणू नका. वहीतली यादी द्या, प्रत्येक कामाचे पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. चांगला मिस्त्री आपण न मागताच ते डिकीत ठेवतो.

गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणारे बरेच पार्ट दुसऱ्याच कंपनीनं बनवलेले असतात, आणि तीच कंपनी स्वतःच्या डब्यात ते स्वस्तात विकते. क्लच, ब्रेक पॅड, बेअरिंग, प्लग, बेल्ट यात हा मार्ग चांगला. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये भंगारातला पार्ट नको. दरवाजे, आरसे, काचा, सीट, डॅशबोर्डचे तुकडे मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारातून बिनधास्त घ्या.

## टप्पा ४: आधी थांबायचं बघा

ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. जुन्या गाड्यांत हे तेल वर्षानुवर्ष कोणी बदललेलंच नसतं, नुसतं वरून टाकलेलं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ब्रेक तेलाच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं तेच टाका, उघडी राहिलेली बाटली वापरू नका.

क्रम असा, आधी चारही चाकं खोलून पॅड-शू बघा, मग मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर रबर वर करून ओला आहे का ते बघा, मग रबरी होज वाकवून चिरा बघा, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस करा. हे सगळं झाल्यावर शेवटी तेल बदलून हवा काढायची, बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला ब्रेकचा मुख्य पंप) लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. लोक आधी तेल बदलतात आणि पंधरा दिवसांनी सिलिंडर गळतो म्हणून परत सगळं ओततात.

टायरवर चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली किंवा बाजूला चिरा पडल्या तर टायर गेला. सहा-सात वर्षांवरचा टायर मी नक्षी असली तरी ठेवत नाही. टायर अगदीच धोक्याचे नसतील तर नवीन मात्र टप्पा ९ मधलं सस्पेन्शन झाल्यावर घ्या, सैल सस्पेन्शनवर नवे टायर चार महिन्यांत एका बाजूनं खाल्ले जातात.

तपासा: गाडी बंद, पेडल तीन-चार वेळा दाबून घट्ट करा, पाय दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, मग बूस्टर (ब्रेक दाबायला जोर देणारा भाग) ठीक. घट्ट धरल्यावर हळूहळू खाली सरकत राहिलं तर मास्टर सिलिंडर किंवा गळती.

## टप्पा ५: कूलिंग, जिथं सगळ्यांची गाडी मरते

हा टप्पा मोठा लिहितोय कारण मी स्वतः इथंच शेकलोय. रेडिएटरला बारीक गळती होती, मी दर आठवड्याला बोअरचं पाणी टाकत राहिलो, काय होतंय पाण्यानं, आप्पासुद्धा जुन्या जीपमध्ये ओढ्याचं पाणी टाकायचे. वर्षभरानं आत क्षार धरले, एका मे महिन्यात तापमानाचा काटा वर गेला, मी "पाचच किलोमीटर राहिलंय" म्हणून चालवत राहिलो. हेड वाकलं. त्या पाच किलोमीटरच्या पैशात अख्खी कूलिंग सिस्टिम दोनदा बदलून झाली असती.

तर हे एका बैठकीत करा, तुकड्या-तुकड्यांत नाही:

1. इंजिन थंड असताना जुनं पाणी काढा. तांबूस, गढूळ आलं तर स्वच्छ येईपर्यंत साध्या पाण्यानं धुवा. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून उघड्यावर सोडू नका.
2. वरची-खालची होज दाबून बघा. कडक झालेली, फुगलेली किंवा दाबल्यावर कुरकुरणारी असेल तर बदला, क्लिपसकट.
3. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारा वाल्व्ह) काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका, उघडतो का बघा. जुना असेल तर सरळ नवीनच घ्या, फार महाग नसतो.
4. रेडिएटरचं झाकण नवीन. तेच आतला दाब धरतं, आणि दाब असेल तरच पाणी उशिरा उकळतं. एवढ्याशा झाकणापायी गाड्या तापतात.
5. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिश्रण घेतलंत तर त्यात परत पाणी नको.
6. हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. हवा आत राहिली तर काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड मात्र तापत असतं. पाणी वर चढायला लागलं, गरम झालं की झाकण लावा.
7. उभ्या गाडीत फॅन आपोआप सुरू होऊन आपोआप बंद होतो का, हे दोनदा होईपर्यंत थांबा.

सावध: तापलेल्या गाडीचं रेडिएटर झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही.

दोन सल्ले ऐकायला मिळतील, दोन्ही नाकारा. एक, "दादा, थर्मोस्टॅट काढून टाकू, इंजिन गार राहील." इंजिन गारच राहतं हाच प्रॉब्लेम, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, झिजतं जास्त, आणि मग तुम्ही मायलेज नाही म्हणून रडत बसता. दुसरा, "फॅन डायरेक्ट करून देतो." म्हणजे बिघडलेला सेन्सर किंवा रिले तसाच ठेवून फॅन कायम चालू. ज्या दिवशी ती मोटर जळेल त्या दिवशी तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि तापतच असेल, होज पुन्हा पुन्हा कडक होत असेल, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट, तिथं कूलंट ओतत बसू नका.

## टप्पा ६: टायमिंग बेल्ट

पिस्टन आणि वाल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा हा पट्टा. आधी तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन ते बघा. सँट्रो, जुनी ८०० सीसी अल्टो यांना बेल्ट, मारुतीच्या के सिरीज इंजिनांना चेन. चेन आवाज करत असेल तर बघा, नाहीतर सोडा. बेल्ट मात्र न सांगता तुटतो, आणि बऱ्याच इंजिनात तुटला की पिस्टन वाल्व्हवर आपटतो.

"गाडी फक्त ४५ हजार चाललीय" हा युक्तिवाद चालत नाही, रबर वर्षांनीपण म्हातारं होतं. कधी बदलला हे माहीत नसेल तर बदललाच नाही असं धरा. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), तिथलीच ऑइल सील, आणि वॉटर पंप बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण मजुरी सगळ्यांना मिळून एकदाच लागते.

तपासा: बेल्ट बसल्यावर मिस्त्रीनं सेल मारायच्या आधी क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हातानं, पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळवल्या पाहिजेत. "कशाला, बरोबरच बसलाय" म्हणाला तरी आग्रह धरा.

## टप्पा ७: ऑइल, प्लग, पेट्रोलच्या नळ्या

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं. जुनं इंजिन म्हणून घट्ट ऑइल टाकायची फॅशन आहे, त्यानं आवाज दबतो पण सकाळी वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. वर्षानुवर्ष ऑइल न बदललेल्या इंजिनात फ्लश केमिकल नको, सुटलेला गाळ ऑइलच्या चाळणीत अडकतो. त्याऐवजी साधं ऑइल आणि फिल्टर १,००० किलोमीटरला एकदा, मग २,५०० ला एकदा असं लवकर बदला, हळूहळू निघतं. गिअर ऑइल विसरू नका, सगळे विसरतात. एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई एकाच दिवशी.

आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडं पडतं, ते धरून चाला. लक्ष ठेवायचं ते रबराकडं, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या, ओ-रिंग. कडक किंवा चिकट लागल्या तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या टाका. गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तेच काम आधी, बाकी सगळं नंतर.

## टप्पा ८: वायरिंग

गाडी रात्रभर उभी, मल्टिमीटर बॅटरीला, साधारण १२.६ व्होल्ट. सुरू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे. कमी असेल तर लगेच अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदलू नका, आधी बॅटरीची टोकं आणि बॉडीला, इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर साफ करून परत मोजा. मंद लाइट, सेल न मारणं, काटे नाचणं, यातली कितीतरी दुखणी त्या एका गंजलेल्या अर्थिंगची असतात.

आधीच्या मालकानं बसवलेले हॉर्न, फॉगलाइट, अलार्म, टेप लावलेले जोड, सगळं काढून टाका. जास्त पॉवरचे बल्ब लावायचे असतील तर रिलेवाली वेगळी वायर, नाहीतर स्विच वितळतो.

## टप्पा ९: सस्पेन्शन, मग टायर, मग अलाइनमेंट

बुश (जोडांतली रबरं), बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड, शॉकअप. शॉकअप जोडीनंच बदला. इथली एक चूक चांगले मिस्त्रीपण करतात, लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लटकत असतानाच आवळतात. गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षात फाटतो. हातानं लावा, गाडी चाकांवर उभी करा, आणि शेवटचं आवळणं तेव्हा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

## टप्पा १०: पाणी, गंज, एसी, रंग

वायपरखालच्या जाळीत साचलेला पाला काढा, दरवाज्यांच्या खालची बारीक भोकं तारेनं मोकळी करा. फुकटचं काम, आणि आत येणारं निम्मं पाणी थांबतं. गंज खरवडून, प्रायमर मारून, वाळल्यावरच अंडरबॉडी कोटिंग. गंजावर थेट डांबरासारखं कोटिंग मारलं तर ओल आत कोंडून पत्रा झाकल्या जागी सडतो, आणि आपण खूश असतो की काळंभोर दिसतंय.

एसीत गॅस कमी असेल तर आधी गळती शोधून घ्या, दर उन्हाळ्यात गॅस भरणं म्हणजे भाडं भरणं. टिंकरिंग आणि रंग पैसे उरले तर. सीट कव्हर घ्या आता, हरकत नाही.

## झाल्यावरची तपासणी

लगेच लांबच्या ट्रिपला निघू नका. पहिले १०० किलोमीटर गावात, मग एक घाट, एसी लावून, कोणालातरी सोबत घेऊन. वर पोचल्यावर गाडी बंद न करता दोन मिनिटं उभी ठेवा, फॅन लागतो का ऐका, खाली डाग बघा, चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. ५०० किलोमीटरला चाकांचे नट, होजच्या क्लिपा, बॅटरीची टोकं परत आवळून घ्या, गाडी थंड असताना कूलंट आणि ब्रेक तेलाची पातळी बघून वहीत लिहा. पुढं दर मे महिन्यात वायपर, ब्रेक, पाण्याची भोकं, आणि दिवाळीनंतर ऑइल, कूलंट, बॅटरी. पुठ्ठा महिन्यातून एकदा रात्री परत गाडीखाली टाका.